एकच टेम्पलेट काही यंत्रांवर चालते, काहींवर अडते: स्वयंचलित इन्स्टॉलेशनमध्ये वारंवार उद्भवणाऱ्या दोषाचे निवारण

ऑपरेटिंग सिस्टिमचे इन्स्टॉलेशन स्वयंचलित करताना इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवलेली असतात. रेड हॅट आणि फेडोरा परिवारात तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटू सर्व्हरच्या २०.०४ पासूनच्या आवृत्त्यांत ऑटोइन्स्टॉल आणि विंडोजमध्ये अनअटेंड. या लेखात या सर्वांसाठी ‘उत्तरफाइल’ हा एकच शब्द वापरला आहे. यंत्रे दोन-चार असतात तोवर ही फाइल हाताने लिहिता येते. संख्या वाढली की टेम्पलेट, म्हणजे मोकळ्या जागा ठेवलेला सामाईक साचा, येते, आणि यंत्राचे नाव, पत्ता, डिस्क, पासवर्ड अशी माहिती त्यात भरून प्रत्येक यंत्राची उत्तरफाइल सर्व्हरवर मागणीच्या क्षणी तयार केली जाते.

त्यानंतर एक विशिष्ट तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते. तेच टेम्पलेट, तोच सर्व्हर, तीच आवृत्ती. तरीही बहुतेक यंत्रांचे काम विनाअडथळा पूर्ण होते आणि काही थोडी यंत्रे भाषा निवडण्याच्या प्रश्नावर थांबून राहतात, काहींना नेटवर्क मिळत नाही, काहींवर भलतीच डिस्क पुसली जाते, तर एखादे यंत्र इन्स्टॉलेशन पूर्ण करून पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू करते. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की कधीकधी अडचण सुटते, त्यामुळे कोणी मुळाशी जात नाही आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा समोर येतो.

अशा वेळी सर्वांचा हात आधी टेम्पलेटकडे जातो. माझा आग्रह असा आहे की टेम्पलेट सर्वांत शेवटी उघडावे. इन्स्टॉलर टेम्पलेट वाचत नाही. त्यातून तयार झालेला मजकूर तेवढा वाचतो. टेम्पलेट वाचताना आपण नकळत आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ वाचत असतो, आणि दोष बहुधा अभिप्रेत अर्थ व प्रत्यक्ष मजकूर यांच्यामधल्या फटीत असतो.

यंत्राच्या हाती प्रत्यक्षात काय पडले

अडलेल्या यंत्राला बंद करून पुन्हा सुरू करण्याआधी त्याच्याकडची उत्तरफाइल बाहेर काढून ठेवावी. किकस्टार्टच्या बाबतीत अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर मिळालेली फाइल ‘रन’ निर्देशिकेखालच्या ‘इन्स्टॉल’ या उपनिर्देशिकेत ठेवतो, आणि त्याचे लॉग ‘टीएमपी’ निर्देशिकेत असतात: मुख्य घडामोडींचा एक, चालवलेल्या बाह्य आज्ञांचा एक, डिस्कविषयीचा एक आणि पॅकेजविषयीचा एक. अ‍ॅनाकोंडाचा मजकुरी पडदा टीमक्सवर (एका पडद्यावर अनेक खिडक्या देणाऱ्या साधनावर) चालत असल्याने कंट्रोल-बी आणि त्यानंतर २ दाबले की शेल (आज्ञा लिहिण्याची जागा) मिळतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट-एफ२ ने शेल आणि ऑल्ट-एफ४ ने लॉग दिसतो. उबुंटूमध्ये ‘व्हार-लॉग-इन्स्टॉलर’ या निर्देशिकेत सर्व नोंदी सापडतात. विंडोजमध्ये ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमधील सेटअपचे लॉग पाहावेत. पहिल्या टप्प्यात हा फोल्डर एक्स ड्राइव्हवर असतो आणि नंतर सी ड्राइव्हवर.

इथे एक गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे. इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर रूट वापरकर्त्याच्या घरनिर्देशिकेत अ‍ॅनाकोंडाच्या नावाची एक किकस्टार्ट फाइल आढळते. ती आपण दिलेली फाइल नसते. प्रत्यक्षात लागू झालेल्या निवडींवरून इन्स्टॉलरने ती स्वतः नव्याने लिहिलेली असते. तिची तुलना टेम्पलेटशी करत बसल्यास ‘ही ओळ कुठे गेली’ या प्रश्नावर विनाकारण तास जातात. नव्या आवृत्त्यांत मूळ फाइलीची प्रत ‘ओरिजिनल’ या नावाने शेजारीच ठेवलेली असते. तुलना तिच्याशी करावी.

बिघडलेल्या यंत्राची फाइल हाती आली की त्याच टेम्पलेटमधून तयार झालेली, यशस्वी ठरलेल्या यंत्राची फाइल घ्यावी आणि ‘डिफ’ या तुलनेच्या आज्ञेने दोन्ही एकमेकींसमोर ठेवाव्यात. नाव, पत्ता, डिस्क असे अपेक्षित फरक बाजूला काढल्यावर जे उरते, त्यात दहापैकी आठ वेळा उत्तर असते, असा माझा अनुभव आहे. डोळ्यांना काहीच फरक दिसत नसेल, तर ‘कॅट’ ही आज्ञा मोठ्या ए या पर्यायासह चालवावी. ती ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दाखवते, टॅब उघड करते आणि विंडोज पद्धतीची ओळसमाप्ती असल्यास डॉलरच्या आधी ‘^एम’ दाखवते. या एका अदृश्य चिन्हामुळे स्क्रिप्टची पहिली ओळ अस्तित्वात नसलेल्या इंटरप्रिटरकडे (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) बोट दाखवते आणि ‘फाइल सापडली नाही’ अशी दिशाभूल करणारी त्रुटी येते.

आणखी एक शक्यता सुरुवातीलाच निकालात काढावी. टेम्पलेट भरताना सर्व्हरवर त्रुटी आली, पण सर्व्हरने त्रुटीचे पान २०० या यशस्वी स्थितिक्रमांकासह पाठवले, तर इन्स्टॉलर ते पान उत्तरफाइल समजून वाचू लागतो आणि पहिल्याच ओळीला ‘अज्ञात आज्ञा’ म्हणून थांबतो. त्रुटीत कोनी कंसातील एचटीएमएल दिसले की हेच घडले आहे, असे समजावे आणि थेट सर्व्हरचा लॉग उघडावा.

फाइल बरोबर आहे, पण यंत्र दुसरे आहे

मिळालेली फाइल निर्दोष असूनही ती भलत्याच यंत्रासाठी असू शकते. सर्व्हर यंत्राला कशावरून ओळखतो, हा प्रश्न त्यामुळे लवकर विचारावा. आयपी पत्त्यावरून ओळख ठरवत असल्यास विशेष सावध राहावे. यंत्राचे फर्मवेअर पीएक्सईद्वारे (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या पद्धतीने) पत्ता मागताना डीएचसीपीला (पत्ते वाटणाऱ्या सेवेला) एक ओळखक्रमांक देते आणि काही क्षणांनी सुरू झालेला इन्स्टॉलर त्याच नेटवर्क कार्डावरून वेगळा ओळखक्रमांक देऊ शकतो. डीएचसीपी सर्व्हरच्या दृष्टीने हे दोन वेगळे ग्राहक ठरतात, तो दोन वेगळे पत्ते देतो, आणि उत्तरफाइलीची मागणी अनोळखी किंवा पूर्वी दुसऱ्या यंत्राकडे असलेल्या पत्त्यावरून जाते. मोकळे पत्ते मुबलक असताना हा दोष झाकलेला राहतो. एकाच वेळी बरीच यंत्रे लावली की तो वर येतो.

उपाय म्हणजे ओळख मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) किंवा टोकनवर (यंत्राला दिलेल्या तात्पुरत्या संकेतावर) आणणे. अ‍ॅनाकोंडाला ‘इन्स्ट.केएस.सेंडमॅक’ हा बूट पर्याय दिल्यास तो मागणीच्या हेडरमध्ये कार्डांचे मॅक पत्ते पाठवतो. सर्व्हरवर जाऊन उत्तरफाइल तपासताना हेच हेडर हाताने देऊन मागणी करावी, म्हणजे यंत्राला मिळते तेच आपल्यालाही मिळते. व्यवस्थापन पडद्यावरचे पूर्वदर्शन हा त्याला पर्याय नाही, कारण तिथे यंत्र कोणते हे आपण निवडलेले असते आणि ओळखीची पायरी पूर्णपणे वगळली जाते. फोरमनसारख्या इन्स्टॉलेशन-व्यवस्थापन साधनात टोकनला मुदत असते आणि ती मूळ मांडणीत ३६० मिनिटांची असते. सकाळी नोंदवलेले यंत्र संध्याकाळी सुरू केले, तर टेम्पलेटमध्ये काहीही न बदलता उत्तरफाइल नाकारली जाते.

पीएक्सलिनक्स हा नेटवर्कवरून यंत्र सुरू करणारा बूटलोडर वापरत असल्यास त्याचा शोधक्रमही ध्यानात ठेवावा. आधी तो यंत्राच्या यूयूआयडी या ओळखक्रमांकाच्या नावाची फाइल शोधतो, मग मॅक पत्त्याच्या नावाची, मग आयपी पत्त्याच्या षोडशमान रूपाची, त्यानंतर त्या नावातील शेवटचे एकेक अक्षर कमी करत जातो आणि अखेरीस ‘डिफॉल्ट’वर येतो. जुन्या यंत्राची विसरलेली फाइल या वाटेत पडून असेल, तर तीच उचलली जाते.

एका मजकुरात दोन-तीन भाषा

उत्तरफाइलीच्या टेम्पलेटमध्ये किमान दोन भाषा एकत्र नांदतात: टेम्पलेटची स्वतःची आणि उत्तरफाइलीची. तिच्यात इन्स्टॉलेशननंतर चालवायची स्क्रिप्ट असेल, तर शेल ही तिसरी. एकाच चिन्हावर दोन भाषांचा दावा असेल, तिथे संघर्ष होतो, आणि सर्वांत त्रासदायक दोष हे असतात, कारण ते चिन्हाच्या पुढे काय आले आहे यावर अवलंबून असतात.

डॉलरचे चिन्ह हे याचे उत्तम उदाहरण आहे. एसएचए-५१२ पद्धतीने गुप्त केलेला पासवर्ड ‘$६$’ ने सुरू होतो, त्यानंतर सॉल्ट (मिसळलेली यादृच्छिक अक्षरे) येते, पुन्हा डॉलर आणि मग मुख्य हॅश (पासवर्डचे गुप्त रूप). कॉबलर या इन्स्टॉलेशन साधनात वापरली जाणारी चीता ही टेम्पलेट भाषा डॉलरनंतर अक्षर किंवा अधोरेखा आली तर त्याला चल (व्हेरिएबल) मानते, अंक आला तर ते चिन्ह तसेच सोडून देते. म्हणजे हॅश टेम्पलेटमध्ये थेट लिहिलेला असेल आणि सॉल्ट अंकाने सुरू होत असेल, तर सॉल्टपर्यंतचा भाग तरतो. अक्षराने सुरू होत असेल तर ‘चल सापडत नाही’ म्हणून सगळे थांबते. पासवर्ड बदलल्यावर टेम्पलेट मोडते आणि दोष पासवर्डला दिला जातो. उत्तरफाइल शेलच्या हिअर-डॉक्युमेंटमधून (स्क्रिप्टमध्येच दोन सीमाशब्दांत लिहिलेल्या मजकुरातून) घडवत असल्यास परिणाम अधिक वाईट होतो: शेलच्या दृष्टीने ‘$६’ म्हणजे सहावा मापदंड, तो रिकामा असतो, आणि त्रुटी न दाखवता हॅशचे तुकडे गळून जातात. इन्स्टॉलेशन यशस्वी होते, फक्त त्या यंत्रात कोणालाही प्रवेश मिळत नाही. हिअर-डॉक्युमेंटच्या सीमाशब्दाला अवतरणात घातले की शेल मजकुराला हात लावत नाही. चीतामध्ये डॉलरच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी किंवा तो भाग ‘रॉ’ (जसाच्या तसा सोडण्याच्या) खंडात ठेवावा.

जिंजा या दुसऱ्या टेम्पलेट भाषेत महिरपी कंसाला लागून आलेले हॅश चिन्ह टिप्पणीची सुरुवात मानले जाते. शेलमध्ये अ‍ॅरेची लांबी काढण्यासाठी ‘${#’ असे लिहावे लागते. स्क्रिप्टमध्ये ही रचना आली आणि पुढे कुठेही टिप्पणी बंद करणारी जोडी नसली, तर जिंजा स्पष्ट त्रुटी देते. दुर्दैवाने पुढे खरी टिप्पणी असेल, तर तिथपर्यंतचा सारा मजकूर टिप्पणी समजून गाळला जातो आणि कोणतीच त्रुटी येत नाही. अशी स्क्रिप्ट ‘रॉ’ खंडात ठेवणे हाच सरळ उपाय आहे. ईआरबी ही रूबीची टेम्पलेट भाषा वापरणाऱ्यांनी ट्रिमची (जादा ओळी छाटण्याची) पद्धत तपासावी. तिच्यात टक्क्याचे चिन्ह समाविष्ट असेल, तर टक्क्याने सुरू होणारी प्रत्येक ओळ रूबीची आज्ञा ठरते, आणि किकस्टार्टचे सगळे विभाग नेमके टक्क्यानेच सुरू होतात.

ओळी एकमेकींना चिकटण्याचा दोष याच घराण्यातला. जिंजा टेम्पलेटच्या अखेरची नवी ओळ मूळ मांडणीत काढून टाकते, आणि ‘ट्रिम ब्लॉक्स’ चालू असेल तर आज्ञेनंतरची नवी ओळही काढून टाकते. वेगळ्या फाइलीत ठेवलेला विभाग ‘इन्क्लूड’ने जोडला की दोन्ही नियम एकाच जागी लागू होतात, आणि त्या विभागाच्या शेवटचे ‘%एन्ड’ पुढच्या ‘%पॅकेजेस’ला चिकटून एकच निरर्थक शब्द बनतो. तो इन्क्लूड अटीत असेल, तर अट पूर्ण करणारी यंत्रेच अडतात. जोडल्या जाणाऱ्या फाइलीच्या शेवटी एक जादा रिकामी ओळ ठेवली की हा दोष थांबतो. पण कोणी नीटनेटकेपणासाठी ती ओळ काढू नये म्हणून शेजारी टिप्पणीही ठेवावी.

आता रिकाम्या किमतींविषयी. जिंजा न सापडलेल्या चलाच्या जागी मूळ मांडणीत काहीच छापत नाही, तर ‘किंमत नाही’ असे नोंदलेल्या चलाच्या जागी ‘नन’ हा शब्दच छापते. पहिल्या बाबतीत गेटवेची (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राच्या पत्त्याची) जागा कोरी राहते आणि दुसऱ्या बाबतीत ‘नन’ हा गेटवेचा पत्ता ठरतो. दोन्ही वेळा त्रुटी दिसते ती पॅकेज भांडारापर्यंत पोहोचता येत नाही अशी, आणि माणूस भांडाराचा सर्व्हर तपासत बसतो. ‘डीफॉल्ट’ हा फिल्टर लावूनही हे पूर्ण सुटत नाही, कारण दुसरा मापदंड दिल्याशिवाय तो केवळ न सापडलेल्या चलावर काम करतो. टेम्पलेट इंजिनला ‘स्ट्रिक्ट अनडिफाइंड’वर नेणे आणि आवश्यक किमती टेम्पलेटच्या सुरुवातीलाच तपासून, त्या नसतील तर उत्तरफाइल देण्यास नकार देणे, हे मी अनिवार्य मानतो. अर्धवट उत्तरफाइलीने डिस्क पुसली जाऊ शकते. न मिळालेल्या उत्तरफाइलीने फक्त वेळ जातो.

अठ्ठ्याहत्तरातले एक यंत्र

यामल या मजकुरी माहिती-स्वरूपातल्या ऑटोइन्स्टॉल फाइलीने मला ज्या दोषात सर्वांत जास्त गुंतवून ठेवले, तो इथे सविस्तर सांगतो. आभासी यंत्रांच्या एका तुकडीत प्रत्येक यंत्राला मॅक पत्त्यावरून स्थिर आयपी द्यायचा होता. जवळजवळ सर्व यंत्रे व्यवस्थित लागली. मोजक्या यंत्रांवर नेटवर्कची मांडणी लागूच झाली नाही. पुन्हा इन्स्टॉल केले तरी तीच यंत्रे अडत होती. यंत्र काढून टाकून नवे बनवले की मात्र ते चालत असे.

त्यांपैकी एकाचा मॅक पत्ता ५२:५४:००:१२:३४:५६ अशा घडणीचा होता. यामल १.१ च्या नियमानुसार अपूर्णविरामांनी जोडलेले अंकगट, पहिला शून्याने सुरू होत नसेल आणि पुढचे सर्व ५९ किंवा त्याहून कमी असतील, तर ती षष्टिमान पद्धतीतली संख्या ठरते, तास-मिनिटे-सेकंद लिहितो तशी. पायथनमधील पायामल ही यामल वाचणारी लायब्ररी हा नियम पाळते. त्यामुळे अवतरणाविना लिहिलेला वरील पत्ता वाचला गेला की त्याचा ४११३५०८५२९६ हा पूर्णांक होतो, आणि तो कोणत्याही कार्डाशी जुळू शकत नाही. पत्त्यात ए ते एफ यांपैकी एकही अक्षर आले, किंवा एखादी जोडी ५९ च्या पुढची असली, की पत्ता मजकूरच राहतो आणि सर्व सुरळीत चालते. केव्हीएम या आभासीकरण व्यवस्थेतल्या यंत्रांचा पत्ता ५२:५४:०० ने सुरू होतो, म्हणजे पहिल्या तीन जोड्या आधीच या सापळ्यात बसतात. उरलेल्या तीन जोड्या यदृच्छया निवडल्या, तर प्रत्येकीची सापळ्यात सापडण्याची शक्यता २५६ पैकी ६०, आणि तिघींची मिळून साधारण ७८ यंत्रांमागे एक. चाचणीसाठी पाच-दहा यंत्रे लावणाऱ्याला हा दोष बहुधा दिसणारच नाही.

उपाय दोन अवतरणचिन्हांचा आहे. मात्र ती प्रत्येक किमतीभोवती हाताने लावत बसण्याऐवजी किंमत जेसन रूपात छापणारा फिल्टर वापरावा, कारण तो अवतरणे आणि आतली विशेष चिन्हे दोन्ही सांभाळतो. याच नियमांमुळे अवतरणाविना लिहिलेले ‘नो’ हे उत्तर ‘असत्य’ बनते आणि शून्याने सुरू होणारा अंकगट अष्टमान पद्धतीने वाचला जाऊ शकतो. अनअटेंड फाइलीत हाच प्रकार अँपरसँड चिन्हाने होतो: पासवर्डमध्ये ते आले आणि एक्सएमएलच्या नियमानुसार बदलले नाही, तर संपूर्ण फाइल अवैध ठरते.

ऑटोइन्स्टॉलची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ हीच असावी लागते. ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नये’ अशी सदिच्छेने लिहिलेली टिप्पणी तिच्या वर गेली, की फाइलीचे स्वरूप ओळखले जात नाही आणि इन्स्टॉलर निमूटपणे प्रश्न विचारू लागतो. टिप्पणी दुसऱ्या ओळीवर घ्यावी. उत्तरफाइलीच्या शेजारची मेटा-डेटा फाइल रिकामी चालते, पण ती असावीच लागते.

बूट ओळ आणि प्रीसीडच्या काही गोष्टी

उबुंटूच्या बूट ओळीत (यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत) माहितीस्रोताचा पत्ता देताना अर्धविराम येतो. ग्रब या बूटलोडरसाठी अर्धविराम म्हणजे एका आज्ञेचा शेवट; पुढचा भाग कर्नलपर्यंत पोहोचतच नाही. पीएक्सलिनक्सला अर्धविरामाचे काही वाटत नाही. त्यामुळे बायोस या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरने सुरू होणारी यंत्रे चालतात आणि ग्रबमार्गे यूईएफआयने सुरू होणारी अडतात, आणि संशय फर्मवेअरवर जातो. ग्रबच्या टेम्पलेटमध्ये हा भाग अवतरणात घालावा.

प्रीसीडमध्ये प्रकार आणि किंमत यांच्यामध्ये एकच मोकळी जागा किंवा एकच टॅब चालतो. त्यापुढची प्रत्येक मोकळी जागा किमतीचाच भाग ठरते. स्तंभ सुबक दिसावेत म्हणून केलेली मांडणी इथे अंगाशी येते. शिवाय नेटवर्कवरून आणलेल्या प्रीसीडमध्ये नेटवर्कचीच उत्तरे असतील, तर ती वाचली जातात तेव्हा ते प्रश्न होऊन गेलेले असतात. ही उत्तरे बूट ओळीतच द्यावीत, आणि भाषा-कळफलकाचे प्रश्न नेटवर्कनंतर ढकलण्यासाठी ‘ऑटो’ हा पर्याय ‘ट्रू’ आणि प्राधान्य ‘क्रिटिकल’ ठेवावे.

डिस्क आणि न थांबणारे इन्स्टॉलेशन

डिस्कचे नाव टेम्पलेटमध्ये पक्के लिहिणे मला धोक्याचे वाटते. एका यंत्रात ‘एसडीए’ असलेली डिस्क दुसऱ्यात एनव्हीएमई असते, आणि दोन डिस्क असताना त्यांचा क्रम प्रत्येक बूटला तोच राहील याची हमी कर्नल देत नाही. किकस्टार्टमध्ये हा निर्णय यंत्रावरच, ‘%प्री’ (इन्स्टॉलेशनपूर्वी चालणाऱ्या) विभागात घ्यावा: स्क्रिप्टने उपलब्ध डिस्क पाहाव्यात, विभाजनाच्या ओळी एका तात्पुरत्या फाइलीत लिहाव्यात आणि मुख्य भागात ‘%इन्क्लूड’ने ती जोडावी. योग्य डिस्क ठरवता आली नाही, तर स्क्रिप्टने इन्स्टॉलेशन थांबवावे, म्हणून त्या विभागाला ‘एरर-ऑन-फेल’ हा पर्याय द्यावा. निर्णय टेम्पलेटमध्येच घ्यावा लागत असेल, तर ‘डिस्क’ निर्देशिकेतील ‘बाय-आयडी’ खालचे स्थिर नाव वापरावे आणि ‘इग्नोअरडिस्क’ला फक्त तीच डिस्क वापरण्यास सांगावे.

पुन्हा पुन्हा इन्स्टॉल होणाऱ्या यंत्राचे कारण सहसा फाइलीच्या शेवटी सापडते. यंत्राने काम पूर्ण झाल्याचे सर्व्हरला कळवल्यावरच सर्व्हर त्याला स्थानिक डिस्कवरून सुरू होऊ देतो, आणि हे कळवणारी ओळ ‘%पोस्ट’च्या (इन्स्टॉलेशननंतर चालणाऱ्या विभागाच्या) अखेरीस असते. तिच्या आधीची एखादी आज्ञा स्क्रिप्ट मध्येच संपवते, किंवा तोवर नावांचे पत्ते शोधणारी व्यवस्था नव्या सिस्टिममध्ये तयार झालेली नसते, आणि निरोप जात नाही. यंत्र पुन्हा पीएक्सईवर येते आणि सर्व्हर त्याला पुन्हा इन्स्टॉलर देतो. ‘%पोस्ट’ला लॉगफाइलचा पर्याय देऊन ठेवला असेल, तर कोणत्या ओळीवर काम थांबले हे नव्या डिस्कवर वाचता येते. कळवण्याची ओळ वेगळ्या, सर्वांत शेवटच्या ‘%पोस्ट’ विभागात ठेवावी आणि आधीच्या विभागांना ‘एरर-ऑन-फेल’ द्यावे, म्हणजे अर्धवट झालेले यंत्र चक्रात न फिरता पडद्यावर त्रुटी घेऊन थांबते.

तपासणीची साधने या सगळ्याच्या जोडीला लावावीत: किकस्टार्टसाठी केएस-व्हॅलिडेटर, लक्ष्य आवृत्ती नमूद करून, प्रीसीडसाठी डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स, फक्त तपासण्याच्या पर्यायासह, क्लाउड-इनिटची स्कीमा तपासणी, आणि अनअटेंडसाठी एक्सएमएल-लिंट. ही सर्व टेम्पलेटवर चालवून उपयोग नाही, तयार झालेल्या फाइलीवर चालवावी लागतात. सर्व्हर जी उत्तरफाइल देतो तिची प्रत वेळ आणि मॅक पत्त्यासह साठवण्याची सोयही करावी. मात्र तिच्यात पासवर्डचे हॅश आणि टोकन असतात, म्हणून त्या निर्देशिकेचे वाचनाधिकार मर्यादित ठेवावेत आणि प्रती ठरावीक काळाने पुसाव्यात.